बाहीवरची धूळ

हॉस्पिसच्या सिस्टर दुपारच्या चहाला येणार होत्या आणि वहिनीने सकाळपासून आजारपण लपवायला घेतलं होतं.

बाबांच्या पलंगाखालचं भांडं तिने बाथरूममध्ये नेलं, औषधांच्या बाटल्या कपाटात लोटल्या, खिडक्या उघडल्या, फरशी दोनदा पुसली. घर जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्यांचं. येणाऱ्याला काय दिसावं आणि काय दिसू नये, याचं शिक्षण तिला लग्न होऊन आल्याबरोबर मिळालं होतं. पण आज तिला कुणाला काही विकायचं नव्हतं. खोलीतला वास तेवढा जायला हवा होता. परकी बाई आत येणार आणि नाकाला रुमाल लावणार, या कल्पनेनेच तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दादा दुकानातून लवकर आला. त्याने खोलीवर नजर फिरवली आणि बाथरूममधलं भांडं परत आणून पलंगाखाली, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवलं.

"अहो, हे काय?" वहिनी म्हणाली.

"असू दे. घरी किती कठीण आहे ते त्यांना कळायला नको? एवढं लखलखीत दिसलं तर म्हणतील, तुमचं उत्तम चाललंय, चालू द्या. तिथली खोली जाईल दुसऱ्याला."

मग ताई आली. शाळेतून तडक आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तिने पायानेच भांडं आत ढकललं.

"दादा, हे गोदाम नाही, विम्याचा माणूस येणार म्हणून खुर्चीचा तुटका पाय पुढे करून ठेवायला."

"आणि तुझी शाळाही नाही, तपासणी आहे म्हणून भिंतीवर तक्ते लावायला."

ते भांडं त्या दुपारी कितीदा आत-बाहेर झालं, देव जाणे. बाबा डोळे मिटून पडले होते. औषधाच्या गुंगीत असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आजारी माणसाने डोळे मिटले की निरोगी माणसांची जीभ सैल सुटते, तशी ती सुटली होती.

भांडण तसं साधं होतं. बाबांच्या पोटातल्या गाठीपुढे मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आता बरं करायचं नाही, फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच काम उरलं होतं, आणि ते करणाऱ्या दोन संस्था शहरात होत्या. एक टेकडीवरचं हॉस्पिस. तिथे स्वतंत्र खोली, दिवसरात्र नर्स, आणि तिथे गेलेला माणूस घरी परत येत नाही. दुसरी संस्था म्हणजे घरी येणारी टीम. डॉक्टर आणि नर्स आठवड्यातून एक-दोनदा येणार, औषध देणार, घरच्यांना शिकवणार, आणि बाकी सगळं घरच्यांनी निस्तरायचं. दादा टेकडीच्या बाजूचा, ताई घराच्या. आणि बारक्या, म्हणजे या दोघांचा धाकटा भाऊ, दुकानातलं पॉलिशचं काम बघणारा, तो शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. चाळिशी उलटली तरी त्याचं तळ्यात-मळ्यात काही संपलं नव्हतं.

'घरी' म्हणजे कुणाच्या घरी, हे कुणी बोलत नव्हतं. आई गेल्यापासून बाबा दादाकडे होते, आणि दादा सकाळ झाली की दुकानात पळायचा. म्हणजे घरी याचा अर्थ वहिनी. आणि वहिनीला अजून कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर ती म्हणाली असती, टेकडी. तिला टेकडी इतकी हवी होती की त्या हवेपणाची तिला भीती वाटायची. भाजी चिरताना तिच्या मनात यायचं, बाबांची खोली रिकामी झाली, मी तिथे खुर्ची टाकून नुसती बसलेय. मग ती स्वतःलाच शिव्या घालायची. बाबांनी तिला कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. असल्या सासऱ्याला घराबाहेर काढायला मनातल्या मनात टपून बसलेली सून म्हणजे आपण, हे कळल्यापासून ती या विषयावर तोंड उघडत नव्हती. आणि ती गप्प आहे म्हणून सगळे तिला सोशिक म्हणत होते, ते आणखी टोचत होतं.

ताईला टोचणारी गोष्ट वेगळी होती. काल ती दादाबरोबर टेकडी पाहून आली होती. पाहायला कसली, खरेदीला गेल्यासारखी. दादाने कपाटाच्या दारावर टकटक केलं, पलंगाखाली वाकून बघितलं, नाक मुरडून म्हणाला, "प्लायवूड आहे." दाखवणाऱ्या बाईंचा चेहरा पडला. आणि त्यांची पाठ वळताच दादाने चष्मा काढून पुसला, तेव्हा ताईचा हात आपसूक कपाळाकडे गेला.

ही बाबांची भाषा होती. गिऱ्हाइकासमोर किंवा विकणाऱ्यासमोर घरच्या माणसांनी आपसात बोलायची. चष्मा पुसला की, थांब, भाव पडू दे. कपाळ खाजवलं की, समजलं. कानाची पाळी ओढली की, माल आतून किडलाय. डाव्या बाहीवरची धूळ झटकली की, जागा अडवून बसलाय, मिळेल त्याला देऊन टाक. आणि शर्टाचं गळ्याचं बटण लावलं की सौदा पक्का, पुढे एक शब्द नाही. ती शेवटची खूण फक्त बाबांनी करायची. तिन्ही पोरं शाळेचा गृहपाठ विसरली, पण हे विसरली नाहीत. ताईने दुकान सोडून गणित शिकवायला घेतलं त्याला जमाना झाला, तरी खूण दिसली की ती पुन्हा काउंटरमागची मुलगी व्हायची. काल तिला त्यात मजा वाटली होती. वडिलांना मरायला जागा बघताना मजा वाटली, हे ती कुणाला सांगणार?

त्याहून मोठी गोष्ट तर ती स्वतःलाही सांगत नव्हती. 'बाबा घरीच राहिले पाहिजेत' हे ती उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं म्हणत होती. तिच्या स्वतःच्या घरी एक खोली रिकामी होती. तिथे ती इस्त्रीचं टेबल ठेवायची.

सिस्टर आल्या. चांगल्या उंच्यापुऱ्या, मोठ्या आवाजाच्या. नाकाला रुमाल बिमाल काही लावला नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढून त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. तिन्ही भावंडं त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनी दारात.

"आजोबा, दुखतंय का फार?"

"चालतं," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"चालतं म्हणजे किती?"

"गिऱ्हाइकाला सांगण्याइतकं नाही."

सिस्टर हसल्या. मग त्यांनी मान न वळवता, बाबांची नाडी बघत बघतच मागच्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. रात्री कोण उठतं? उचलून बसवतं कोण? गिळायला त्रास होतो का? प्रत्येक प्रश्नाला दादा आणि ताई एकमेकांकडे बघत आणि उत्तर दारातून यायचं.

"हे बघा, मी स्पष्ट बोलते," सिस्टर म्हणाल्या. "घरी येणारी टीम चांगली आहे, मी त्यांना ओळखते. पण घरात करणारं माणूस एकच दिसतंय. आमच्याकडे एक खोली आहे, बागेच्या बाजूची. संध्याकाळपर्यंत ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर आणखी एक कुटुंब थांबलंय. तुमच्या सगळ्यांचं काय मत आहे?"

मोठ्याने मत द्यायची कुणाची छाती होईना. समोर बाबा पडलेले. दादाला वाटलं, आपण बोललो तर बापाला बाहेर काढणारा मुलगा आपण. बारक्याला वाटलं, आधी दादाने बोलावं. ताईला वाटलं, आता नाही म्हटलं तर सिस्टर विचारतील, मग तुम्ही नेता का?

दादाने डाव्या बाहीवरची धूळ झटकली.

त्याने ते ठरवून केलं नाही. आयुष्यभर अडचणीचा प्रश्न समोर आला की हात जसा हलायचा, तसा हलला. बारक्याने ते पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून आपली बाही झटकली. दोघे ताईकडे बघत राहिले. ताईने खिडकीबाहेर पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मग दोन बोटांनी, अगदी हळू, तिनेही झटकली. कितीतरी वर्षांत या तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं.

बाबांचे डोळे उघडे होते.

केव्हापासून, ते कुणाला कळलं नाही. सिस्टरांच्या खांद्यावरून त्यांना भिंत आणि भिंतीला टेकलेली तीन पोरं स्वच्छ दिसत होती. आधी त्यांच्यातला दुकानदार खूश झाला. हात छान फिरला, गिऱ्हाइकाला संशयसुद्धा आला नाही, पोरीने उशीर केला पण चेहरा कोरा ठेवला. आपण शिकवलेलं वाया गेलं नाही. मग, जरा वेळाने, माल कोणता ते त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी सिस्टरांच्या हातातून आपला हात सोडवला. तो छातीवरून वर सरकवायला त्यांना बराच वेळ लागला. सदऱ्याचं गळ्याचं बटण त्यांच्या बोटांना सापडेना. सापडलं तर काजात जाईना. तिघे भिंतीला टेकून बघत होते. शेवटी बटण लागलं.

"मानेला काही टोचतंय का, आजोबा?" सिस्टर म्हणाल्या.

"नाही. गार वाटलं."

वहिनीला खुणा येत नव्हत्या. तिला फक्त एवढं दिसलं की नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलाय आणि नणंद तोंडावर हात दाबून उभी आहे. बारक्या तर खोलीतून निघूनच गेला होता.

सिस्टर उठल्या. "संध्याकाळी फोन करा," त्या म्हणाल्या आणि दारात थांबून कौतुकाने पुढे बोलल्या, "तुमचं बरं आहे हो. एरवी मी जाते त्या घरात भाऊ-बहिणी माझ्यासमोर भांडत असतात. इतकं समजूतदार कुटुंब क्वचित बघायला मिळतं."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून दादा परत आला तेव्हा ताई पलंगाशी उकिडवी बसली होती.

"बाबा, माझ्याकडे चला," ती म्हणत होती. "खोली रिकामी आहे माझ्याकडे. उद्याच जाऊ. मी रजा टाकते."

"आत्ता आठवली का खोली?" दादा म्हणाला.

"तू बोलू नकोस. तू सुरुवात केलीस."

"आणि तू? तुला कुणी हात धरून झटकायला लावलं?"

"मी शेवटी केलं!"

"शेवटी केलं म्हणजे केलंच ना! बाबा कुठे जात नाहीत. ते इथेच राहतील. हे घर त्यांचं आहे."

"मी राहतो रात्री झोपायला," बारक्या दारातून म्हणाला. डोळे लाल झाले होते. "नाहीतर माझ्याकडे या, बाबा. दोन खोल्या आहेत, पण करू काहीतरी."

कुणालाच नको असलेल्या कपाटावर एकाएकी तीन बोल्या लागाव्यात तसं चाललं होतं. आवाज चढले. ताईने दादाच्या वागण्याचे जुने दाखले काढले, दादाने ताईच्या सणसणीत मतांचे. बाबांनी पुन्हा डोळे मिटले होते, पण आता त्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

"गप्प बसा," वहिनी म्हणाली.

ती या घरात आवाज चढवून कधी बोलली नव्हती, त्यामुळे तिघे खरोखरच गप्प बसले.

"काय खुणा केल्यात तुम्ही मला माहीत नाही, आणि सांगूही नका. पण मघाशी कुणालाच बाबा नको होते आणि आता सगळ्यांना हवेत. बाबा नकोच आहेत तुम्हाला. तुम्हाला लाज नकोय." पुढचं बोलायचं नव्हतं तिला, पण आता तोंड उघडलंच होतं. "मी काही वेगळी नाही. महिनोन् महिने मी मनातून त्यांना टेकडीवर पाठवतेय. मला तुमच्या खुणा येत नाहीत म्हणून वाचले, नाहीतर मीसुद्धा केली असती."

दादाने चमकून बायकोकडे पाहिलं. त्याला वाटायचं, हिला चालतंय. हिला चालतंय असं वाटून घेणं त्याला सोयीचं होतं, हे त्याला आत्ता कळलं.

वहिनी पलंगाशी गेली. "बाबा, तुम्हाला कुणी विचारलंच नाही. तुम्हाला कुठे राहायचंय?"

"आधी पाणी दे, सूनबाई."

तिने चमच्याने पाणी पाजलं. बाबांनी ओठ पुसून घेतले.

"मी टेकडीवर जातो."

"आम्ही ते केलं म्हणून?" ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुमच्या म्हणण्यावर मी दुकानातलं स्टूलही कधी विकलं नाही." बाबांना हसू आलं, मग धाप लागली. ती बसेपर्यंत सगळे थांबले. "ती बाई बसली होती ना, तेव्हापासून मी ओला पडलोय. सांगायचं कुणाला? सूनबाईला. रोज तिलाच. दिवसातून किती वेळा. ती तोंड वाकडं करत नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता तिचा. आता नुसती लाज वाटते. सुनेसमोर उघडं पडायची लाज तुम्हाला नाही कळायची. तिथे माझं कुणी नाही. परक्याची लाज लवकर मरते."

वहिनीने मान खाली घातली आणि सवयीने कपाटाकडे वळली, धुतलेली चादर काढायला. दादाने तिचा हात धरला.

"मी करतो."

"तुम्हाला नाही जमणार."

"जमेल. तुम्ही सगळे बाहेर जा."

तिने चादर, रबरी कापड, कोमट पाण्याचं भांडं आणि पावडरचा डबा स्टुलावर काढून ठेवला. "आधी कुशीवर घ्या, मग जुनी गुंडाळा. ओढू नका," एवढं सांगून ती बाहेर गेली आणि दार लावून घेतलं.

दादाला वाटलं होतं, आयुष्यभर जड कपाटं इकडची तिकडे केली, त्यात हे काय! पण कपाट आपल्याकडे बघत नाही. त्याने पायजम्याची नाडी सोडली आणि नजर कुठे ठेवावी ते त्याला समजेना. बाबांनी कोपर डोळ्यांवर आडवं घेतलं. कुशीवर घेताना त्याने खांदा धरला आणि कंबर मागेच राहिली. बाबा कण्हले. "ओढू नको रे." पाठीवर, कण्याच्या शेवटाशी, कापसाची चौकोनी पट्टी नीट चिकटवलेली होती. तिच्याभोवतीची कातडी स्वच्छ, पावडर लावलेली. रोज कुणीतरी हे इतक्या निगुतीने करत होतं, त्याच्याच घरात, आणि तो ही पट्टी पहिल्यांदा बघत होता.

पाणी गार होऊन गेलं. चादर एकदा उलटी पडली. बाकीचे तिघे दाराबाहेरच उभे असणार.

शेवटी बाबांना कोरडं करून, स्वच्छ पायजमा चढवून त्याने उशी सारखी केली. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. त्याने पलंगाच्या कडेला टेकून बाबांचा पाय धरला.

"बाबा, मी चुकलो. मला माफी मागायलाही तोंड नाही. पण इथेच राहा. टीमची माणसं शिकवतात म्हणे, मी शिकेन. दुकान बारक्या बघेल. रोज मी करीन. हिला हात लावू देणार नाही. खरंच करीन."

तो खोटं बोलत नव्हता. त्या घटकेला त्याने ते खरंच केलं असतं.

बाबांनी कोपर बाजूला केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. वस्तू घ्यायच्या आधी ते असेच बघायचे. घाई नाही, राग नाही.

"नको," ते म्हणाले. "एकदा केलंस, पावलं मला. रोज तुझ्यासमोरही मला नाही जमायचं. त्या बाईंना फोन कर, उद्या येतो म्हणून सांग."

"बाबा..."

"मनापासून सांगतोय. कर फोन."

आणि दादाला सुटल्यासारखं वाटलं. नको असताना वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखा त्याचा श्वास मोकळा झाला, खांदे खाली आले. त्याने घाईने मान फिरवली, पण उशीर झाला होता. बाबा अजून त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"ती कडेची चादर खोच नीट," बाबा म्हणाले, "आणि जा."